बेडी वाजली की पैंजण? नाटकाची गोष्ट मुलांसाठी लिहिताना

शनिवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पाचवी ते आठवीतली दहा-बारा मुलं जमतात आणि मी त्यांना गोष्ट वाचून दाखवते. सुरुवात शाकुंतलापासून केली होती. सात अंकांचं नाटक मी पंधरा मिनिटांत बसवलं. शिकार, लग्न, शाप, अंगठी, मासा, भेट. वाचून झालं आणि मागच्या रांगेतल्या एका मुलाने विचारलं, "पण मैत्रिणींना शाप ठाऊक होता ना? मग त्यांनी तिला सांगितलं का नाही?"

मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. घरी येऊन चौथा अंक उघडला, तर उत्तर तिथेच होतं. अनसूया म्हणते, ही गोष्ट आपल्या दोघींतच राहू दे, आणि प्रियंवदा म्हणते, नवमालिकेवर उकळतं पाणी कोण शिंपेल? हे एक वाक्य मी गाळलं होतं. घटना सगळ्या ठेवल्या आणि त्यांना धरून ठेवणारा खिळा काढून टाकला.

त्यानंतर नाटकाची गोष्ट करायची माझी पद्धत हळूहळू बदलत गेली. ती इथे क्रमाने सांगते. उदाहरण बहुतेक ठिकाणी शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'चं घेते. मी सर्वांत जास्त झटापट त्याच्याशीच केली आहे, आणि मुलांच्या गोष्टीला लागतं ते सगळं त्यात आहे: चोर, जुगारी, पिसाळलेला हत्ती, तुरुंगातून पळालेला माणूस आणि एका लहान मुलाची मातीची गाडी.

नाटक निवडताना

पहिल्या खेपेला वस्तूंवर चालणारं नाटक घ्या. अंगठी, दागिन्यांची पेटी, गाडी, पांघरूण अशी हातात धरता येणारी वस्तू एका पात्राकडून दुसऱ्याकडे जात असेल, तर गोष्टीला आपोआप कणा मिळतो. ज्या नाटकाचा जीव बोलण्यात आहे ते मागे ठेवा. 'नटसम्राट' नाशिककराला आपल्या घरचं वाटतं, मलाही वाटतं. पण गणपतराव बेलवलकरांची स्वगतं काढली तर मुलांच्या हाती उरतो घरातून बाहेर पडलेला एक म्हातारा. 'एकच प्याला' मी नववीच्या खाली वाचत नाही. दारूचं मुलांना नवल नसतं. सुधाकर पायरी-पायरीने घसरतो ते समजायला थोडं वय लागतं, आणि शेवटी तान्ह्या बाळाचं जे होतं ते अकरा वर्षांच्या मुलीला झोपायच्या आधी सांगायची माझी छाती नाही.

गोष्ट छापायची किंवा नेटवर टाकायची असेल, तर हक्काचा प्रश्न आधी सोडवा. १९५७च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतरचं वर्ष सुरू झालं की तिथून ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतात, आणि नाटकाचं गोष्टीत रूपांतर करणं हाही त्यातलाच एक हक्क. किर्लोस्कर १८८५ साली गेले, देवल १९१६, गडकरी १९१९, खाडिलकर १९४८. ही मंडळी केव्हाच मोकळी झाली. मामा वरेरकर १९६४ साली गेले, म्हणजे १ जानेवारी २०२५पासून त्यांची नाटकंही खुली. आचार्य अत्रे २०२९ संपेपर्यंत थांबायला लावतील. शिरवाडकर १९९९ साली गेले, त्यामुळे त्यांच्या नाटकांना २०५९ अखेरपर्यंत लेखी परवानगी लागेल. कानेटकर त्यांच्यानंतर गेले, म्हणजे आणखी पुढे. नाशिकच्या माणसाला हे जरा जाचतंच, आपलेच दोन नाटककार आणि दोघांनाही विचारल्याशिवाय हात लावायचा नाही!

यात एक फसवी जागा आहे. शूद्रकाला हक्क नाही, पण तुमच्या हातातल्या मराठी भाषांतरकाराला असतो. मी ताजं भाषांतर अर्थ कळण्यापुरतं वाचते आणि लिहिताना ते मिटून ठेवते. शेजारी फक्त संस्कृत संहिता आणि देवलांचं जुनं संगीत रूपांतर.

तीन वाचनं

पहिलं वाचन सरळ, पेन्सिल न घेता. दुसरं मोठ्याने, आणि शक्यतो दोघांनी मिळून. आमच्या घरी मृच्छकटिकातल्या खलनायकाची, शकाराची वाक्यं माझे यजमान वाचतात. ती त्यांना इतकी जमतात की मला काळजी वाटते. मोठ्याने वाचताना कुठल्या वाक्यावर आपण आपोआप उभे राहतो, कुठे हात हलतो, कुठे हसू येतं, ते कळतं. त्या जागी समासात फुली करा.

तिसरं वाचन फक्त कंसातल्या सूचनांचं. संवाद सोडून द्या आणि पाहा: 'प्रविश्य', 'नेपथ्ये', 'स्वगतम्', 'प्रकाशम्', 'जनान्तिकम्', 'अपवार्य'. प्रविश्य म्हणजे आत येऊन, नेपथ्ये म्हणजे पडद्याआडून, अपवार्य म्हणजे बाजूला वळून, स्वगत म्हणजे स्वतःशी, प्रकाश म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल असं, आणि जनान्तिक म्हणजे रंगमंचावरच्या एकालाच ऐकू जाईल आणि बाकीच्यांना जाणार नाही असं. या सूचना एरवी आपण डोळ्यांआड करतो. पण कोणती गोष्ट कुणाच्या कानावर गेली आणि कुणाच्या नाही, याचा हिशेब नाटककाराने त्यांच्यातच मांडून ठेवलेला असतो.

जुन्या प्रती कुठे मिळतील असं नवखे विचारतात. आपल्या नाशकात १८४० सालापासून सार्वजनिक वाचनालय आहे. आधी तिथे चौकशी करा, मग बाकीकडे.

कुणाला काय ठाऊक

एवढं एक काम नीट केलंत, तर बाकीचं निम्मं आपोआप होतं. एक फुलस्केप कागद आडवा धरा. डावीकडे वरून खाली प्रवेश लिहा, वरच्या ओळीत मुख्य पात्रं, आणि सर्वांत उजवीकडे 'प्रेक्षक' असा एक रकाना. आता प्रत्येक प्रवेशात नवीन कळलेली गोष्ट कोणती, ते लिहून ज्याला-ज्याला ती कळली त्याच्या रकान्यात टिंब द्या.

शाकुंतलाचा चौथा अंक असा दिसतो. दुर्वासाचा शाप: अनसूया टिंब, प्रियंवदा टिंब, प्रेक्षक टिंब, शकुंतला कोरी, दुष्यंत कोरा. पाचव्या अंकात ती दरबारात उभी राहते तेव्हा शापाचं मंचावरच्या कुणालाच ठाऊक नाही आणि प्रेक्षकाला सगळं ठाऊक आहे. तो अंक उभा आहे तो त्या एकट्या टिंबावर. महाभारतातल्या शकुंतलेच्या कथेत शापही नाही आणि अंगठीही नाही. तिथला राजा तिला ओळखतो आणि तरी नाकारतो. कालिदासाने शाप घातला, आणि तो प्रेक्षकाला आधी सांगून ठेवला. आपण गोष्ट लिहिताना शाप लपवून 'शेवटी धक्का' द्यायला गेलो, तर मुलं एक अख्खं प्रकरण दुष्यंतावर दात खातात आणि नंतर त्याला माफ करत नाहीत. म्हणजे कालिदासाने जे कष्टाने केलं ते आपण पुसलं.

कागद भरून झाला की तो दूर धरून बघा. जिथे प्रेक्षकाच्या रकान्यात टिंब आहे आणि पात्राचा रकाना कोरा आहे, ती जागा जिवंत. ती संक्षिप्त करायची नाही, उलट पसरायची. जिथे सगळ्यांना सगळं सारखंच ठाऊक आहे, तिथून दोन वाक्यांत पुढे सरका.

मृच्छकटिकाचा कागद भरला तेव्हा मला पाच जागा मिळाल्या. पहिल्या अंकात अंधारात नाटकाचा नायक चारुदत्त नायिका वसंतसेनेला घरची दासी समजून, मुलाला पांघरायला म्हणून आपली शाल तिच्या हातात देतो. दुसऱ्यात देणेकऱ्यांपासून पळणारा संवाहक रिकाम्या देवळात मूर्ती होऊन उभा राहतो आणि पाठलाग करणारे त्याच्या पुढ्यातच फासे टाकायला बसतात. हाडाचा जुगारी, किती वेळ दगड राहणार? तिसऱ्यात चारुदत्ताचा मित्र मैत्रेय झोपेत बरळत दागिन्यांची पेटी स्वतःच चोराच्या हातात देतो. सहाव्यात गाड्यांची अदलाबदल. नवव्यात, चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा खटला चालू असताना, न्यायासनासमोर मैत्रेयाने जवळ बाळगलेले दागिने खाली पडतात. ते त्याच्याकडे कसे आले ते आपल्याला ठाऊक असतं, न्यायाधीशाला नसतं.

पाचव्या अंकातला पाऊस मात्र गेला. वसंतसेना विजा कडाडत असताना चारुदत्ताकडे निघते, तिथलं काव्य अपूर्व आहे. पण कागदावर सगळी टिंबं सारखी. मी त्याचा एक परिच्छेद केला आणि दोन दिवस हळहळत राहिले.

सांगणारा कुठे उभा आहे

नाटकात सांगणारा नसतो, गोष्टीत लागतो. मला वाटलं, रोहसेनालाच सांगू द्यावं. चारुदत्ताचा लहान मुलगा, शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून मातीच्या गाडीसाठी रुसलेला. वसंतसेना आपले दागिने काढून ती मातीची गाडी भरते, आणि तेच दागिने पुढे त्याच्या बाबांच्या मृत्युदंडाचा पुरावा ठरतात. मुलांच्या गोष्टीला याहून चांगला निवेदक कोण? तीन प्रकरणं लिहिली आणि अडकले. रोहसेन दहापैकी आठ अंकांत कुठेच नाही. प्रत्येक प्रसंगाला "हे मला नंतर रदनिकेने (म्हणजे घरच्या दासीने) सांगितलं" अशी ठिगळं लावावी लागली. शिवाय तो लहान आहे. त्याला जे कळत नाही ते वाचणाऱ्या मुलाला कळायला हवं, आणि एकाच तोंडून हे दोन्ही साधायचं तर हात फार कसलेला हवा. माझा नाही. खर्डा फाडला.

शेवटी साधा, तटस्थ सांगणारा घेतला. त्याला सगळं ठाऊक आहे, पण दर प्रकरणात तो एकाच माणसाच्या खांद्यामागे उभा राहतो. चोरीच्या प्रकरणात चोराच्या, शर्विलकाच्या, खटल्याच्या प्रकरणात मैत्रेयाच्या. सूत्रधारालाच निवेदक करायची क्लृप्ती बरेच जण काढतात. एकदा छान वाटते. तिसऱ्या प्रकरणात "तर बालमित्रांनो" सुरू होतं आणि मग आवरत नाही.

प्रसंग बांधणं

गाड्यांच्या अदलाबदलीचा माझा पहिला खर्डा असा होता (वर्धमानक हा चारुदत्ताचा गाडीवान):

"वर्धमानक गादी आणायला गेला असताना वसंतसेना चुकून शकाराच्या गाडीत बसली. तिकडे तुरुंगातून पळालेला आर्यक चारुदत्ताच्या गाडीत लपला. गाडीवानाला वाटले की वसंतसेनाच बसली आहे."

यात चूक काहीच नाही. परीक्षेत पूर्ण मार्क मिळतील. आता हा पाचवा खर्डा:

"बैल जुंपून झाले आणि वर्धमानकाच्या लक्षात आलं, गादी राहिली. पाहुण्या बाईंना काय फळीवर बसवायचं? त्याने गाडी वळवली आणि तो गादी आणायला गेला.

दार मोकळं झालं न झालं तोच दुसरी गाडी तिथे येऊन थबकली. पुढे खेड्यातल्या गाड्यांची ही रांग, त्यात एकाचं चाक रुतलेलं. गाडीवान स्थावरक हात लावायला खाली उतरला. ही गाडी शकाराची होती.

घराचं दार उघडलं. वसंतसेना बाहेर आली. दारात गाडी उभी होती. ती चढली आणि तिने पडदा ओढून घेतला.

स्थावरक चाक मोकळं करून परतला. गाडी हाकताना त्याला ती जड लागली. दमलो वाटतं, तो मनाशी म्हणाला.

गादी काखेत घेऊन वर्धमानक आला. बैल बुजले होते, म्हणून तो खाली न उतरता कासरा धरून बसला. इतक्यात भिंतीच्या आडोशाने एक माणूस वाकून पळत आला. एका पायात तुटलेली बेडी. त्याने मागच्या बाजूने गाडीत पाय ठेवला.

छन्.

आल्या वाटतं बाई, वर्धमानक म्हणाला. पैंजण वाजले. आणि त्याने बैल हाकले."

हा भाग वाचताना आमच्या हॉलमध्ये दोन मुलं उठून उभी राहिली आणि एक ओरडला, "अहो काका, ती बेडी आहे, बेडी!" रविवार कारंजावर टेम्पो अडकला की मागे काय होतं हे प्रत्येकाने पाहिलेलं, त्यामुळे रुतलेल्या चाकाचंही कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

दोन खर्ड्यांत काय बदललं ते पाहा. 'चुकून' हा शब्द गेला. सांगणाराच 'चुकून' म्हणाला की वाचणाऱ्याला स्वतः चूक पकडायचं काम उरत नाही. 'गाडीवानाला वाटले की' हेही गेलं. त्याऐवजी त्याने काय ऐकलं आणि तो काय म्हणाला एवढंच राहिलं. आर्यकाचं नाव मुद्दाम घेतलं नाही, बेडी पुरेशी आहे. आणि शकाराचं नाव घेतलं, पण वसंतसेना बाहेर येण्याच्या आधी, कारण ती चढताना वाचणाऱ्याला ते ठाऊक असायला हवं. नावं आधी की नंतर, एवढ्यावर प्रसंग बसतो किंवा पडतो. हे ठरवायला तो फुलस्केप कागद समोर ठेवा.

संवादांचा माझा ढोबळ हिशेब असा: पाचातला एक ठेवायचा. बातमी देणारे संवाद निवेदनात घाला. हट्ट, नकार, खोटं बोलणं, थट्टा हे मात्र पात्राच्या तोंडीच राहू द्या. आणि 'तो म्हणाला, ती म्हणाली' याची लाज बाळगू नका. 'उद्गारला, वदला, पुटपुटला, कडाडला' अशी रांग लावली की मुलं क्रियापदांकडेच बघत बसतात.

स्वगत सर्वांत अवघड. 'त्याने मनात विचार केला की' असं लिहून अर्धं पान अवतरणात टाकायचं, हा आळस आहे. स्वगतातला विचार हाताने करता येतो का ते आधी पाहा. तिसऱ्या अंकात शर्विलक भिंतीपुढे उभा राहून चोरीचं शास्त्र बोलतो: पक्क्या विटा असतील तर उपसून काढायच्या, कच्च्या असतील तर कापायच्या, मातीच्या असतील तर भिजवायच्या. मग भोकाचा आकार. कमळ, सूर्य, चंद्रकोर, स्वस्तिक की पूर्णकुंभ? मापाची दोरी विसरलेली असते, म्हणून गडी जानव्याने माप घेतो. हे सगळं मी ठेवलं, फक्त बोलण्यातून काढून त्याच्या बोटांत घातलं. तो भिंतीवर हात फिरवतो, विटेला नख लावून पाहतो, कमळ आखतो, पुसतो. लिहिण्याआधी मी जुन्या नाशकातल्या एका वाड्याच्या पडक्या भिंतीपाशी जाऊन खरंच विटांना हात लावून आले. फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलांनाही नंतर तिथे नेलं, तेव्हा 'भिंत फोडायला रात्र लागते' हे त्यांना पटलं.

शकाराच्या बोलण्यात दोन गमती आहेत. तो 'स'चा 'श' करतो, आणि रामायण-महाभारताची खिचडी करतो. रावणाच्या हाती कुंती लागावी तशी तू माझ्या हाती लागलीस, असं काहीतरी तो बिनदिक्कत बोलतो. पंचवटीतल्या मुलांपुढे हा विनोद सांगायला लागत नाही. सीतागुंफेच्या रांगेत उभी राहिलेली मुलं ती, कुंतीचं नाव ऐकताच हॉल डोक्यावर घेतात. 'श' मात्र मी काढला. आमच्यात एक मुलगा तसाच बोलतो. पहिल्या वाचनात सगळे हसले तेव्हा तो खाली बघत होता.

पदांचं काय

संगीत नाटक घेतलंत तर हा पेच येणारच. पद गोष्ट पुढे नेत असेल तर त्याचं सरळ गद्य करा. ते नुसतंच रेंगाळत असेल तर सोडून द्या आणि मुलांना रेकॉर्डिंग ऐकवा, कानाला जे हवं ते कागदावर उतरत नाही. पद हीच घटना असेल तर मात्र एक ओळ जशीच्या तशी ठेवा. देवलांच्या 'शारदे'त म्हाताऱ्या भुजंगनाथाची टर उडवताना येतं, "म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान". ही ओळ बदलायची कशाला? फक्त पाऊणशे म्हणजे पंचाहत्तर हे आजच्या मुलाला ठाऊक नसतं. ते पदाच्या आधीच्या परिच्छेदात कुणाच्या तरी तोंडून सहज येऊ द्या, तळटीप नको. विनोदानंतर तळटीप वाचून कुणी हसत नाही.

'शारदा' १८९९ सालचं. नाशिकच्या मुलांना ते सांगताना आणखी एक दोरा हाताशी आहे. २१ डिसेंबर १९०९च्या रात्री अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या इथल्या विजयानंद थिएटरात, आणि तेव्हा तिथे प्रयोग 'शारदा'चाच होता. हे गोष्टीत घालू नका, गोष्ट तिकडेच वाहत जाईल. वाचून झाल्यावर सांगा. आणि कुणी पालक म्हणाले की बालविवाहाचा १९२९चा 'शारदा कायदा' या नाटकावरून आला, तर त्यांना सांगा की तो विधेयक मांडणाऱ्या हरविलास सारडा यांच्या नावावरून आला. ही गल्लत मीही वर्गात दोनदा केली आहे.

अवघड जागा

वसंतसेना गणिका आहे. काही जण तिला 'श्रीमंत बाई' किंवा 'राजनर्तकी' करून सुटका करून घेतात. मी नाही केलं. नाटकाच्या शेवटी नवा राजा तिला 'वधू' म्हणून मान देतो, आणि आधी तिला काय नाकारलेलं होतं हे कळलं नाही तर त्या शब्दाला वजन उरत नाही. मी असं लिहिलं: "वसंतसेना ज्या घरात जन्मली तिथल्या मुलींनी नाचावं, गावं, श्रीमंतांचं मन रिझवावं. लग्न करून संसार थाटावा अशी मुभा त्यांना नव्हती." बारा वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं. त्याला अधिक कळत असेल तर तो अधिक वाचेल. चारुदत्ताची बायको धूताही लपवली नाही. चोरीला गेलेल्या ठेवीपोटी ती आपली रत्नमाला काढून देते, तिला गाळून चालेल कसं? "मग त्याला दोन बायका?" असा प्रश्न येतो. त्या काळी चालायचं, धूताला काय वाटलं असेल ते तुम्ही सांगा, असं म्हणून मी चेंडू परत टाकते. मुली जास्त बोलतात.

हिंसेला माझा उपाय म्हणजे थोडं उशिरा पोचायचं. शकार वसंतसेनेचा गळा दाबतो हे एका वाक्यात सांगितलं आणि प्रकरण तिथेच तोडलं. पुढचं सुरू होतं ते भिक्षू ओलं वस्त्र वाळत घालायला जागा शोधतो तिथून. पानांचा ढीग दिसतो. ढिगातून एक हात हलतो. हे सगळं शूद्रकाचंच आहे, मी फक्त कॅमेरा थोडा नंतर सुरू केला.

लांबी, नावं, भाषा

दहा अंकांची मी सात प्रकरणं केली, प्रत्येक साधारण बाराशे शब्दांचं. मला ते मोठ्याने वाचायला बारा मिनिटं लागतात आणि आमच्या मुलांचं बूड तेवढंच टिकतं. पात्रं तीसच्या आसपास आहेत, मी अकरांना नावं दिली. पुन्हा भेटणाऱ्यालाच नाव, बाकीचे 'एक शिपाई', 'जुगाराच्या अड्ड्याचा मालक'. नावं सोपी करू नका. शर्विलक हे नाव मुलांच्या तोंडात आठवडाभर होतं.

नाटकातली उज्जयिनी नाशिकला आणण्याचा मोह होतो. पावसाच्या परिच्छेदात मी लिहिलं होतं, दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागेल असा पाऊस. वाचताना मुलांना लगेच कळलं, पूर मोजायची आपली पट्टीच ती. पण छापायच्या प्रतीतून ते काढलं. क्षिप्रेकाठी आपला मारुती कुठून येणार? आता ते वाक्य फक्त हॉलमध्ये तोंडी सांगते.

हॉलमधली परीक्षा

खर्डा मुलांपुढे वाचताना एक प्रत दुसऱ्या कुणाच्या हातात द्या. मुलं चुळबुळली की त्याने समासात रेघ ओढायची, मध्येच बोलली की गोल करायचा. वाचणाऱ्याला स्वतःला हे दिसत नाही. रेघा आल्या तिथे कापा. गोल आले तिथे हात लावू नका, मग तिथली भाषा तुम्हाला कितीही खडबडीत वाटो. 'आवडलं का?' असं विचारू नका, समोर बसलेलं मूल हो म्हणणारच. त्याऐवजी पुढच्या शनिवारी एकाला उभं करा आणि मागच्या वेळची गोष्ट सांगायला लावा. त्याने गाळलेलं बहुधा तुम्हीही गाळायला हवं होतं. त्याने स्वतःचं काही घातलं असेल, तर तिथे तुम्ही भोक ठेवलंय.

छापताना पहिल्याच पानावर मूळ नाटकाचं आणि नाटककाराचं नाव ठळक द्या, आणि काय गाळलं, काय बदललं ते चार ओळींत लिहा. मोठं झाल्यावर मूळ नाटक वाचणाऱ्या मुलाला आपण फसवले गेलो असं वाटता कामा नये.

मृच्छकटिक संपल्यावर सहावीतली एक मुलगी गोष्ट सांगायला उभी राहिली. मी सुरुवात अंधारातल्या पाठलागाने केली होती, तिने केली नाही. ती म्हणाली, "एक गाडीवान होता आणि तो गादी विसरला." तिथून मागे-पुढे जात तिने वधाच्या जागेपर्यंत सगळं बिनचूक आणलं. मी प्रकरणांचा क्रम बदलला नाही. पण सहाव्या अंकाच्या प्रकरणाला 'गाड्यांची अदलाबदल' असं नाव दिलं होतं, ते खोडून 'राहिलेली गादी' असं केलं.